कधीच न उघडलेली खिडकी

निळी रेघ मध्येच काळी झाली आहे, हे विणकरणीला कळलं तेव्हा पांघरूण मागावरून उतरलं होतं आणि त्याची घडी घालायला म्हणून ती दाराबाहेरच्या पायरीवर येऊन बसली होती. काळा पट्टा, त्याला चिकटून निळी रेघ, मग हिरवी, मग हातभर पांढरी लोकर आणि पुन्हा तेच. या गावातलं पांघरूण असंच असायचं, सासूच्या हातचंही आणि सासूच्या सासूच्या हातचंही. आता मधल्या दोन ठिकाणी निळ्याच्या जागी काळंच बसलं होतं, आणि तिथे पट्टा नुसता लठ्ठ झाल्यासारखा दिसत होता. मागावर असेपर्यंत चूक उसवता येते. माग सोडलेल्या कापडाची चूक जन्मभराची. तिने ते पांघरूण उलटं घडी करून आत नेलं आणि स्वतःच्या पलंगावर टाकलं. तिथे अशी आणखीही होती. उन्हाळा तोंडावर आला होता आणि पलंगावर थर चढत चालला होता.

डोळ्यांचा दोष नव्हता. लेकीकडे शहरात गेली असताना तिने डोळे तपासून घेतले होते आणि डॉक्टरांनी वयाच्या मानाने तिला शाबासकीच दिली होती. दोष उजेडाचा होता. अंधूक उजेडात माणसाला आकार कळत राहतात, रंग आधी साथ सोडतात. त्यातही गडद निळा, गडद हिरवा आणि काळा हे तिघे सगळ्यांत आधी एकमेकांच्या गळ्यात गळे घालतात. आणि नेमके तेच तिघे तिच्या पट्ट्यात शेजारी शेजारी होते.

उजेड गेला होता तो गावाच्या भल्यासाठी. गाव टेकडीच्या उतारावर, एकमेकांच्या खांद्याला टेकून उभ्या असलेल्या दगडी घरांचं. छपरंही दगडी चिपांची. खाली ओढा, ओढ्याकाठी रंगाऱ्यांची दगडात कोरलेली कुंडं, वर उताराची माती धरून ठेवणाऱ्या बांधांच्या पायऱ्या. त्या बांधांत चुना नाही की माती नाही, नुसता दगडावर दगड. गावाने कित्येक शतकं हे सगळं केलं ते दुसरं काही परवडत नव्हतं म्हणून. मग शहरातून माणसं आली, त्यांनी गाव पाहिलं आणि हे मध्ययुगीन आहे असं सांगितलं. गावाला आधी तो आपल्यावरचा ठपका वाटला. तो मान आहे हे कळल्यावर मात्र गाव मागे हटलं नाही. वारसा समिती स्थापन झाली आणि तिच्या अध्यक्षपदी निवृत्त पोस्टमास्तर बसले. त्यांना सगळे शिक्का म्हणत. पोस्टात असताना ते पत्रांवर शिक्के मारत. आता घरांवर मारू लागले.

विणकरणीच्या घरात पुरुष दगडाचे आणि बायका लोकरीच्या, असा पिढ्यांचा रिवाज होता. नवरा गवंडी होता. लग्न झाल्या झाल्या त्याने मागाच्या बरोबर वरच्या दोन दगडी चिपा काढून तिथे काच बसवली होती. त्याने तिला दिलेली ती एकच भेट, पण रोज वापरात असलेली. नवरा गेला, काच राहिली. समितीने छपरं पूर्ववत करण्याची मोहीम काढली तेव्हा शिक्का स्वतः आले, काच मध्ययुगीन नाही असं हळहळून सांगितलं, आणि समितीच्या खर्चाने ती काढून तिथे चिपा बसवून दिल्या. विणकरीण आभारही मानून बसली. मग समोरचं पडकं घर त्यांनी जसंच्या तसं उभं केलं. त्या घराच्या ढासळलेल्या भिंतीवरून सकाळचं ऊन तिच्या दारात यायचं. आता तिथे पूर्ण उंचीचं, अस्सल, रिकामं घर होतं. त्यात कुणी राहत नव्हतं, आणि त्याच्या सावलीत ती राहत होती.

दिवा होता. पण विजेची पांढरी नळी रस्त्यावरून दिसते म्हणून समितीने बंद केली होती आणि घरोघर ज्योतीच्या आकाराचे पिवळे दिवे वाटले होते. त्या दिव्यात निळ्या लोकरीची कांडी हातात धरली की ती शपथेवर काळी दिसायची. माग उचलून दुसरीकडे न्यावा, तर त्याचे खांब जमिनीतल्या दगडांत पुरलेले. मागासाठी घरात जागा केलेली नव्हती. मागाभोवती घर बांधलेलं होतं.

तिने शिक्क्यांकडे खिडकी मागितली. एकदा नव्हे, पुष्कळदा. निदान मागच्या भिंतीत तरी करू द्या म्हणाली. ती भिंत काही जुनी नव्हती. टेकडीची माती घसरून मागची बाजू कोसळली तेव्हा सासऱ्यांनी ती विटांची बांधली होती, घाईघाईत, लेकरं उघड्यावर होती म्हणून. त्या घराण्यातला गवंडी आपल्या प्रत्येक बांधकामावर एक खूण कोरायचा, चिमणीच्या पावलासारख्या तीन बारीक रेघा. त्या विटांच्या भिंतीवर सासऱ्यांनी खूण केली नाही. उलट ती गिलाव्याने झाकून टाकली आणि पुन्हा तिच्याकडे फारसं पाहिलंही नाही. पण शिक्क्यांनी समजावलं की संरक्षण अख्ख्या घराला आहे, त्यात पुढचं-मागचं बघता येत नाही. तिच्या विणकामाचा त्यांना अभिमान होता, तो त्यांनी पुन्हा एकदा बोलून दाखवला. समितीच्या माहितीपत्रकावर तिचाच फोटो होता. तो काच असतानाचा होता, म्हणून चांगला आला होता.

लेक दर आठवड्याला फोन करून एकच सांगायची: आई, आता पुरे झालं, इकडे ये, आमच्याकडे मोठी बाल्कनी आहे. जणू काही मागाशिवाय बाल्कनीत बसून माणूस बाल्कनीच विणणार होता. आणि लेकीने शिक्क्यांनाही फोन केला असावा. कारण एके दुपारी ते शिंप्याला घेऊन आले, बराच वेळ हवापाण्याचं बोलले, आणि मग म्हणाले की घाई काही नाही, पण ताईंना पुढेमागे जमेनासं झालं तर घर बंद पडू नये म्हणून समितीने एक विचार केला आहे. मागावर पुतळा बसवायचा. ताण्यातून ये-जा करणाऱ्या धोट्याचा आवाज आधीच टेपवर भरून ठेवायचा. शिंपी फक्त खांद्याचं माप घेईल.

तिने माप दिलं नाही. पण ते गेल्यावर ती बराच वेळ मागापुढे बसून राहिली. हिशेब सरळ होता. माग चालला तर घरात ती; माग थांबला तर घरात पुतळा.

मार्ग तिला सापडला तो समितीच्याच बैठकीत. पाववाल्याने आपल्या भट्टीचं बुजलेलं जुनं तोंड उघडायची परवानगी मागितली होती आणि ती पटकन मिळाली. नवीन भोक पाडायला बंदी होती. पण जुनंच, पुढे कधीतरी बुजवलेलं असेल आणि तज्ज्ञांनी तसं मान्य केलं, तर ते उघडणं म्हणजे गाव पूर्ववत करणं. विणकरीण घरी आली आणि ओढ्याकडच्या भिंतीकडे बघत राहिली. ती भिंत घराइतकीच जुनी, रुंद, आणि पलीकडे मेंढरांच्या वाटेशिवाय काही नाही. एवढ्या मोठ्या भिंतीत एक तरी बुजवलेली खिडकी असायला काय हरकत होती, असं तिच्या मनात आलं. मग असंही मनात आलं की नसली तर ती असू शकेल.

धाकट्या दिराला तिने बोलावून घेतलं. तोही गवंडी, गावातली बहुतेक डागडुजी त्याच्याच हातची. तिने सांगितलेलं त्याने शांतपणे ऐकलं आणि विचारलं, "म्हणजे वहिनी, आधी खिडकी करायची आणि मग ती बुजवायची?"

"आधी करायची नाहीच. नुसती बुजवलेली करायची."

त्याला ते फार आवडलं. भिंतीचा गिलावा फुगला आहे, दुरुस्त करायचा आहे, अशी परवानगी त्याने काढली, आणि पाहुणे येत नाहीत अशा थंडीच्या दिवसांत काम सुरू केलं. तिने त्याला नीट बजावलं होतं. खिडकी बुजवणारा माणूस घाईत असतो. बाहेर वारा असतो, पोरं कुडकुडत असतात, शेजारी उभे राहून शहाणपणा शिकवत असतात. तेव्हा हाताला येईल तो दगड, फटीत जाईल तेवढा चुना. आणि तुमची ती चिमणी कुठेही कोरायची नाही.

"मी काय वेडा आहे का?" दीर म्हणाला.

काम पाहायला तिने मुद्दाम घाई केली नाही. शेवटी त्याने हाक मारली तेव्हा ती दिवा घेऊन गेली. भिंतीत एक खिडकीएवढा चौकोन होता, वर लांब दगडाची पट्टी, दोन्ही बाजूंना सरळ सांधे, सगळं ठरल्याप्रमाणे. पण आतला भराव असा बसला होता की दोन दगडांच्या मधून दोरा ओढायचा म्हटलं तरी अडला असता. खालच्या ओळीतला सांधा वरच्या दगडाच्या बरोबर मध्यावर. ओळी पाण्याच्या पातळीत. अख्ख्या गावात असं दगडकाम दुसरं नव्हतं.

तिने विचारलं, ही घाई आहे का? दीर ओशाळला. सुरुवात वेडीवाकडीच केली होती म्हणाला. पण पहिला दगड जरा कलता बसला, तो तेवढा सरळ केला. मग त्याच्या शेजारचा उगाच वाईट दिसायला लागला. तिने सगळं काढून पुन्हा वाईट बांधायला सांगितलं. त्याने खरोखर काढलं. जेवणावर लक्ष नाही, मान खाली, असा तो राबला आणि पुन्हा हाक मारली तेव्हा काम आधीपेक्षाही सुबक झालं होतं, कारण आता त्याला दगडांची ओळख झाली होती.

"डोळे मिटून बांधलं, वहिनी," तो काकुळतीला येऊन म्हणाला. "तरी हात ऐकेना."

तिला रागवायचं होतं. पण चुकलेल्या रेघेसाठी वीतवीत कापड उसवत बसलेली ती स्वतःला आठवली. या घराला फसवणूक जमणार नव्हती असं नाही. फक्त ती ढिसाळपणे करणं जमणार नव्हतं. दिराने चुन्यावर राख आणि काजळी चोळली, बाहेरच्या बाजूला शेवाळ लावलं, आणि गिलावा काढताना हे असं निघालं म्हणून समितीला कळवलं.

तज्ज्ञ बाई शहरातून आल्या. उंच, कमी बोलणाऱ्या, हातात मऊ ब्रश आणि छोटी बॅटरी. त्यांनी पायातले बूट दाराशी काढले, ते विणकरणीला आवडलं आणि त्यामुळे तिला जास्तच अपराधी वाटलं. बाई भिंतीपुढे उकिडव्या बसल्या. प्रत्येक सांध्यावरून त्यांनी बोट फिरवलं. बाहेर जाऊन ओढ्याकडून पाहिलं, पुन्हा आत आल्या. शिक्का मागे हात बांधून उभे होते. दीर दाराच्या चौकटीला टेकून छताकडे बघत होता, परीक्षेचा निकाल लागायच्या वेळी पोरं बघतात तसा.

शेवटी बाई उठल्या आणि म्हणाल्या, "ही खिडकी कधीच उघडी नव्हती."

दिराची टेकलेली पाठ सरळ झाली.

बाईंनी मग सावकाश समजावलं. खिडकी बुजवणारा माणूस घाईत असतो. इथे घाई कुठेच नाही. चौकट आणि भराव एकाच हातचा आहे आणि एकाच वेळचा आहे. आधी मोकळी जागा आणि मग बुजवणं, असं झालंच नाही. ज्याने हे बांधलं त्याने पहिल्या दगडापासून ते बंदच बांधलं. म्हणजे ही देखाव्याची खिडकी. बाहेरून भिंत शोभावी म्हणून मोठ्या वास्तूंना अशा करतात. एका विणकराच्या घराला, तीही मेंढरांच्या वाटेकडे, त्यांनी आजवर पाहिलेली नव्हती. आणि इतक्या तोलामोलाचं काम तर नाहीच नाही.

यातला शब्दन् शब्द खरा होता. विणकरणीला हरकत घ्यायला जागाच नव्हती. खिडकी एके काळी उघडी होती असं म्हणावं, तर तुम्हाला कसं माहीत, असा प्रश्न आला असता. तिने एवढंच विचारलं की मग ती आता उघडता येईल का.

शिक्क्यांना धक्का बसला. "ताई, जी कधी उघडीच नव्हती, ती उघडायची कशी?"

काळ सांगण्याआधी चुन्याचा नमुना प्रयोगशाळेत पाठवावा लागेल, असं बाई म्हणाल्या. पण शिक्क्यांना ते ऐकू गेलं नाही. त्यांच्या मनात तोवर पाटी रंगवून झाली होती. पुढच्याच आठवड्यात ती लागली: मध्ययुगीन देखाव्याची खिडकी, अत्यंत दुर्मीळ, कारागीर अज्ञात. भोवती दोरी आली. आणि दर्शनीय वस्तू म्हणून तिच्यावर रोखलेला एक दिवा आला, तो पिवळा.

पाहुणे आधी तिच्या घरापुढून नुसते जायचे, फार तर मान आत घालून माग बघायचे. आता ते आत येऊ लागले, आणि येण्याजाण्याला दार एकच असल्यामुळे त्या दारातच उभे राहू लागले. उरलासुरला उजेड त्यांच्या पाठींनी अडवला. एकीकडे खिडकी, जिच्यातून काही येत नव्हतं. दुसरीकडे दार, ज्यातून फक्त माणसं येत होती. विणकरीण धोटा हातात धरून थांबायची, आणि एखादी बाई हळूच नवऱ्याला विचारायची, ही विणत का नाही?

सगळ्यांत वाईट दशा दिराची झाली. तो रोज कामावरून येता-जाता डोकावू लागला. गर्दीच्या मागे उभा राहून ऐकायचा. एकदा कुणीतरी म्हणालं, असे हात आता कुठे राहिलेत, आताच्या गवंड्यांना सरळ रेघ येत नाही. तो मागच्या मागे निघून गेला आणि त्या संध्याकाळी वहिनीकडे येऊन पाणी पिऊन परत गेला. दुसऱ्या दिवशी पुन्हा हजर. स्वतःच्या श्राद्धाला रोज उपस्थित राहण्याची सोय फार थोड्या लोकांना मिळते.

लेकीच्या आवाजाला आता धार आली होती. फोनवर तिने येण्याचा दिवसच विचारला. विणकरणीने कळवते म्हटलं. त्या दिवशी सकाळपासून तिने एवढंसं विणलं होतं आणि तेही बाहेर नेऊन पाहिल्याशिवाय निळं की काळं ते सांगता येत नव्हतं.

बैठकीत शिक्क्यांनी गर्दी किती वाढली याचं वर्णन केलं. एका वेळी खोलीत किती माणसं मावतात ते त्यांनी हात पसरून दाखवलं. विणकरीण मागच्या बाकावर बसली होती. ती एरवी बैठकीत उजेडाबद्दलच बोलायची, त्यामुळे तिने हात वर करताच दोघातिघांनी खिडकीबाहेर बघायला सुरुवात केली. सभागृहाला खिडक्या होत्या.

"आत सगळी लोकर आहे आणि दिवे तापतात," ती म्हणाली. "काही पेटलं तर एवढे पाहुणे एका दारातून बाहेर कसे पडतील?"

ती स्वतः त्या खोलीत उभा जन्म एकटी बसली होती, त्याच लोकरीत आणि त्याच एका दारामागे. तेव्हा हा प्रश्न कुणाला पडला नव्हता. खरं सांगायचं तर तिलाही नाही. पण पाहुणा जळणं ही वेगळी गोष्ट होती. शिक्क्यांच्या डोळ्यांपुढे वर्तमानपत्र उभं राहिलेलं सगळ्यांना दिसलं. शहरातून सुरक्षेचा अधिकारी आला, त्याने खोली डोळ्यांनीच मोजली आणि निकाल दिला: दुसरं दार, रुंद, पूर्ण काचेचं, म्हणजे घाबरलेल्या माणसाला बाहेरची वाट लांबूनच दिसेल. नाहीतर खोली बंद. कोणत्या भिंतीत, हे विचारायची गरजही पडली नाही. मागची भिंत विटांची आहे, ती पाडायला काहीच हरकत नाही, असं शिक्क्यांनीच सुचवलं. आपल्याला हे आता सुचलं असं त्यांना मनापासून वाटत होतं. विणकरणीच्या डोळ्यांसाठी जी भिंत हलत नव्हती, ती पाहुण्यांच्या पायांसाठी आठवड्यात फुटली.

काम दिराकडे आलं. तज्ज्ञ बाईंचा निरोप होता की नवीन काम नवीनच दिसलं पाहिजे, जुन्याशी त्याची गल्लत होता कामा नये. म्हणून चौकटीच्या दगडांत बोटभर सांधे उघडे ठेवावेत. दिराने ते वाचून कागद उलटा करून पाहिला, मागे काही दयामाया लिहिली आहे का म्हणून. त्याने सांधे ठेवले. प्रत्येक सांध्यापाशी तो कुणीतरी गेल्यासारखा उसासत होता. दाराच्या खालच्या दगडावर मात्र त्याने चिमणीचं पाऊल कोरलं, कारण हे काम उजळ माथ्याने केलेलं होतं.

काच बसली त्या सकाळी विणकरीण मागावर बसली आणि तिने कांड्यांची टोपली पुढे ओढली. मागे टेकडी चढत गेलेली, बांधांवर बांध, आणि त्यांच्यावर नुसतं आभाळ. ऊन नव्हे, उजेड. न हलणारा, न तापणारा. टोपलीत निळं निळं होतं, काळं काळं होतं, आणि हिरव्यात तिला वाटलं होतं त्यापेक्षा पिवळा जास्त होता. तिने लेकीला फोन करून सांगितलं की येत नाही, आणि कारण म्हणून टोपलीतले रंग एकेक करून सांगितले, तेव्हा लेकच म्हणाली की असू दे आई, मीच येते, ते दार बघायला.

तिसऱ्या प्रहरी बाई दार पाहायला आल्या. सांधे पाहिले, समाधानाने मान हलवली, खालच्या दगडावरची खूण पाहिली. मग सहज वळल्या. आणि त्याच क्षणी विणकरणीलाही ते दिसलं, जे इतके दिवस पिवळ्या दिव्यात कुणालाही दिसलं नव्हतं. खोलीत आता उजेड होता, तो मागावर पडत होता तसा बाजूच्या ओढ्याकडच्या भिंतीवरही पडत होता, आडवा, भिंतीला घासून. आणि देखाव्याच्या खिडकीच्या डाव्या कोपऱ्यात, तळच्या दगडावर, चिमणीचं एक पाऊल स्पष्ट उमटलेलं होतं.

तिने दिराकडे पाहिलं. दीर जमिनीकडे पाहत होता.

बाई खिडकीपाशी गेल्या, उकिडव्या बसल्या, तीन रेघांवरून बोट फिरवलं. उठून दारापाशी आल्या, तिथेही फिरवलं. पुन्हा खिडकीपाशी. विणकरणीच्या हातातला धोटा तसाच राहिला. खोटी खिडकी गेली की पाहुणे गेले, पाहुणे गेले की दुसऱ्या दाराचं कारण गेलं, आणि भिंत पुन्हा उभी करायला समितीला फार दिवस लागले नसते. पूर्ववत करणं त्यांना चांगलं जमायचं.

शिक्क्यांनी विचारलं, काही आहे का, मॅडम?

बाईंनी एकदा मागावरच्या पट्ट्याकडे पाहिलं, काळा, निळा, हिरवा, मग वर छपराकडे, जिथे दोन चिपा बाकीच्यांपेक्षा नव्या होत्या.

"खूण घराण्यात चालत आलेली दिसते," त्या म्हणाल्या.

दिराने तोंड उघडलं. कामाच्या बाबतीत त्याला खोटं बोलता येत नसे. विणकरीण त्याच्या आधी म्हणाली, "हो. त्यांच्या वडिलांचीही हीच होती. आजोबांचीही." आणि हेही अक्षरशः खरं होतं.

शिक्का हरखले. पाटी बदलायला हवी म्हणाले: कारागीर अज्ञात, पण घराणं ज्ञात, आणि ते आजही गावात आहे. वाक्य विसरायच्या आत पाटीवाल्या रंगाऱ्याला गाठावं म्हणून ते निघालेच. ते गेल्यावर बाईंनी दाराशी बसून बूट चढवले, नाड्या बांधल्या, आणि वर न बघता म्हणाल्या, "एक विनंती आहे. या घरात आता आणखी काही जुनं सापडू देऊ नका."

"नाही सापडणार," विणकरीण म्हणाली.

चुन्याचा नमुना त्यांनी मागितला नाही. मागावर चाललेलं पांघरूण झालं की कळवा, एवढं सांगून त्या गेल्या.

दीर मात्र हलेना. तो खिडकीपुढे उभा राहिला, मग दारापुढे, मग दोन्हींच्या मध्ये. ती खूण शेवटच्या दिवशी हातून होऊन गेली, असं तो पुटपुटला. दगड तसाच सोडवेना. विणकरणीने धोट्यात निळी कांडी घातली.

"पण वहिनी, बघा ना," तो दाराच्या चौकटीवर हात ठेवून म्हणाला. "माझ्या नावावर चारचौघांत काय राहणार? हे. बोटभर सांधेवालं. आता रात्रंदिवस लोक या दारातून जाणार आणि म्हणणार, हेच घराणं का ते? एखादा सांधा तरी भरून घेऊ द्या. कुणाला कळणार आहे?"

विणकरणीने मान वर केली. तो दाराच्या बरोबर मध्यावर उभा होता आणि त्याची सावली मागावर, नेमकी निळ्या रेघेवर पडली होती.

"भाऊजी," ती म्हणाली, "आधी उजेडातून बाजूला व्हा."